प्रेम ओसरल्याचं गाणं आणि रूपकाची रिकामी सम

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत 'सरलेलं प्रेम' या विषयावर वाचकांची गाणी गेले काही आठवडे येत आहेत. गाणी लिहायला शिकवणारे आणि चाली लावणारे आम्ही दोघं ती नेमाने वाचतो. अनुभव खरा असला की गाणं आपसूक होतं, अशा अर्थाचं सोबतचं टिपणही वाचलं. अनुभवाबद्दल शंका नाही. पण छापलेल्या गाण्यांत पाऊस आहे, सांज आहे, वाट पाहणारे डोळे आहेत, ओली उशी आहे, आणि ही सगळी सामग्री विरहाची आहे. विषय वेगळा, गाणी वेगळी, असं झालं आहे. त्यामागची कारागिरीची कारणं, आणि नेमकं काय केलं तर गाणं जमतं, हे मांडण्यासाठी हे पत्र. लांबलंय, त्याबद्दल क्षमस्व.

विरह, प्रेमभंग आणि प्रेम ओसरणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. विरहात प्रेम शाबूत असतं, माणूस नसतो. प्रेमभंगात एकाचं शाबूत असतं, दुसऱ्याने मोडलेलं असतं. ओसरण्यात माणूस समोरच बसलेला असतो, नसतं ते प्रेम. भरताने नाट्यशास्त्रात विप्रलंभ (विरहातला शृंगार) आणि करुण या रसांतली सीमारेषा अगदी थोडक्यात आखली आहे: विप्रलंभ सापेक्ष, करुण निरपेक्ष. म्हणजे विप्रलंभात भेटीची आशा धरलेली असते, करुणात ती सुटलेली असते. विरहगीताचा सगळा ताण त्या आशेवर उभा असतो. ती काढून घेतली की पाऊस नुसता पाऊस उरतो, हवामान खात्याच्या कामाचा.

ओळखायला एक साधी कसोटी आहे. गाण्यातला 'तू' आत्ता दारात येऊन उभा राहिला तर काय होईल? गाणं तिथेच संपत असेल तर ते विरहाचं. भांडण सुरू होत असेल तर प्रेमभंगाचं. काहीच होत नसेल, फार तर चहाचं आधण वाढवलं जात असेल, तर विषय हाती लागला. पुरवणीतल्या गाण्यांना ही कसोटी लावली तर बहुतेक सगळी पहिल्या वाक्यालाच संपतात.

म्हणून पहिलं काम शब्द गोळा करण्याचं नाही, वस्तू गोळा करण्याचं. वहीचं एक पान घ्यावं आणि घरातल्या तीस-चाळीस वस्तू लिहाव्यात. अट एकच, वस्तू दोघांच्या हिशेबाने घेतलेली किंवा केलेली असावी. दोघांपुरता कुकर, दाराची दुसरी किल्ली, फोनमध्ये जतन केलेलं लाडाचं नाव, स्कूटरचा ओळखीचा आवाज, पंखा किती वर ठेवायचा यावर झालेली तडजोड, पलंगाची ठरलेली बाजू. मग खोडायला लागावं. जी वस्तू आधीच दुःखी आहे (सुकलेलं फूल, फाटलेलं पत्र, विझलेली समई) ती आधी जाते, कारण ती स्वतःच रडून मोकळी होते आणि ऐकणाऱ्याला काम उरत नाही. जी नुसतीच सुंदर आहे तीही जाते. चार-पाच उरतात. एका गाण्याला तेवढ्या पुरतात. ध्रुवपदाला दोन, प्रत्येक अंतऱ्याला एक-दोन. सातवी वस्तू आली की गाणं सामानाची यादी होतं.

आता व्याकरण. मराठीत लिहिणाऱ्याच्या हातात या विषयासाठी असं एक हत्यार आहे की ते वापरलेलं दिसत नाही याचं नवल वाटतं. आपण 'मी तुला आवडतो' म्हणतो, म्हणजे आवडणं ही करायची गोष्ट नाही, आपल्याकडे येणारी आहे. येते तशी जातेही. जाण्यासाठी मराठीने खास रूप ठेवलं आहे: दिसेनासा, रुचेनासा, पटेनासा, आवडेनासा. 'दिसत नाही' हे विधान झालं. 'दिसेना' म्हणजे बघतोय पण दिसत नाही. 'दिसेनासा झाला' म्हणजे दिसत होता, हळूहळू गेला, नक्की कधी ते कळलं नाही. ओसरण्याची अख्खी कथा एका प्रत्ययात आहे. शिवाय या रूपात दोष कुणाचा ते सांगावं लागत नाही. 'मी प्रेम करणं थांबवलं' म्हटलं की लगेच का, कधी, कुणामुळे हे प्रश्न उभे राहतात. 'आवडेनासं झालं' म्हटलं की कर्ताच गायब.

मात्र प्रत्येक 'ना' कामाचा नाही. करमेना, राहवेना, बघवेना, साहवेना ही रूपं विरहाची आहेत, त्यांत तगमग आहे. ती आली की गाणं पुन्हा पावसात जातं.

या रूपाची मात्रांची मोजणी बघा. दि-से-ना-सा: लघु, गुरू, गुरू, गुरू. १ अधिक २ अधिक २ अधिक २, एकूण ७. रु-चे-ना-सा तेच, प-टे-ना-सा तेच. हा 'लगागागा'चा (ल म्हणजे लघु, गा म्हणजे गुरू) गट. असे चार गट एका ओळीत ठेवले की वियद्गंगा हे वृत्त होतं, ओळ २८ मात्रांची. आणि सात मात्रांचा ताल म्हणजे रूपक, त्याचे विभाग ३, २, २. लघु-गुरू मिळून तीन, मग दोन, मग दोन. शब्द आणि ताल एकमेकांवर पडतात, ओढाताण नाही.

पुढची गंमत तबलजींना सांगायला नको, पण लिहिणाऱ्यांना सहसा माहीत नसते. रूपकाचा ठेका 'ती ती ना, धी ना, धी ना'. बहुतेक तालांत सम, म्हणजे तालाच्या फेरीची (आवर्तनाची) पहिली मात्रा, भरीची, वजनाची असते. रूपकात समेवरच खाली, म्हणजे बिनवजनाची जागा, आहे. पहिल्या तीन मात्रांत डग्गा (तबल्याच्या जोडीतला खर्जाचा भाग) बोलत नाही. जिथे वजन यायला हवं तिथे पोकळी, आणि वजन येतं ते चौथ्या मात्रेवर. वियद्गंगेत त्या रिकाम्या समेवर नेमकं लघु अक्षर येतं, म्हणजे ओळीतलं सगळ्यात हलकं अक्षर. प्रेम ओसरल्याच्या गाण्याला यापेक्षा बरी जागा आम्हांला तरी ठाऊक नाही. दरवेळी पाय टाकायला जावं आणि पायरी नसावी.

याच वृत्तातल्या बऱ्याच गझला केरव्यात, आठ मात्रांत गातात. तेव्हा प्रत्येक गटात एक मात्रा उरते आणि शेवटचा गुरू तीन मात्रांचा करून ती भरून काढावी लागते. गझलेला ते शोभतं, आर्जवी झोका मिळतो. इथे तो झोकाच नडतो, कारण आर्जव संपलेलं असतं. सहा मात्रांच्या दादऱ्यात तर एक मात्रा कापावी लागते आणि गाणं पाळण्यात बसतं.

नमुन्यादाखल एक गाणं खाली बांधलं आहे. उत्तम आहे असा दावा नाही. शिवण दिसावी म्हणून कापड उलटं करून दाखवावं, तसं समजावं.

तुझी गाडी उभी दारी, मनाला जाग येईना
चहा दोघांस टाकावा, सवय ही मात्र जाईना

तुला मी पाहते तेव्हा मला फोटोच आठवतो
तुझे मेसेज हे सगळे कुणी दुसराच पाठवतो
विचारावे, रुसावे मी, तसे काहीच होईना

कधी मी बोलले होते 'जरासा थांब ना' दारी
अजूनी लाटते पोळ्या तशा ताज्या, तशा चारी
अता 'ना' तेवढा उरला, कुणीही हाक देईना

पहिली ओळ मोजू. तु-झी-गा-डी, उ-भी-दा-री, म-ना-ला-जा, ग-ये-ई-ना. चारही गट लघूने सुरू होतात. चौदा मात्रांवर, म्हणजे 'दारी'नंतर, यती (ओळीतला विसावा) आहे आणि तिथे शब्दही संपतो. हे दुसरं महत्त्वाचं. गट शब्दाच्या मधून गेला तरी चालतो ('जा-ग'मध्ये तो गेलाच आहे), पण यती शब्दाच्या मधून जाऊ नये. गायक तिथे श्वास घेतो, आणि श्वास शब्दाच्या पोटात घेतला की ऐकणाऱ्याला ठेच लागते.

'सवय ही' इथे तीन लघु एकापुढे एक आले आहेत. त्यांतला पहिला लघु, पुढचे दोन मिळून एक गुरू. मात्रावृत्ताच्या अंगाने जाणाऱ्या गीतात एवढी मुभा आहे. 'आठवतो'मधला 'ठव', 'दुसराच'मधला 'दुस' हेही तसंच. 'दोघांस' मात्र कमजोर जागा आहे, झाकत नाही. बोलताना आपण 'दोघांचा चहा टाकला' म्हणतो. पण तिथे गटाच्या सुरुवातीला लघु हवा होता, 'चा' गुरू आहे, म्हणून 'स' आला आणि शब्द जरा पुस्तकी झाला. अशा जागी कडवं लिहून बाजूला ठेवावं आणि आठवड्याने परत बघावं. चहाच्या ओळीत बोलीतला शब्द बसला नाही, तर ओळ चुकली असं समजून वस्तूच बदलावी.

ध्रुवपदात 'येईना' आणि 'जाईना' ठेवलं, 'नासा' नाही, त्यालाही कारण आहे. 'नासा'च्या मागे 'झाला' लागतोच, तो नसला तर ओळीचा शेवट उघडा पडतो. ते रूप ओळीच्या आत, क्रियापदाला टेकवून वापरावं. यमकाला 'ईना' सोयीचं. येईना, जाईना, होईना, देईना हे यमक गीताला पुरेसं आहे. गझल म्हणून छापायचं असेल तर काफिया (गझलेतलं यमक) आणि अलामत (यमकाआधीचा ठरलेला स्वर) यांचा हिशेब इथे जुळत नाही, तेव्हा कुणी याला गझल म्हणू नये.

पहिल्या अंतऱ्यात दुःख कुठे आहे ते बघावं. फोटोच्या ओळीत नाही, मेसेजच्या ओळीत नाही. त्या नुसत्या नोंदी आहेत, आवाज न चढवता केलेल्या. दुःख तिसऱ्या ओळीतल्या 'रुसावे' या एका शब्दात आहे. रुसायला समोर रुसवा काढणारं माणूस लागतं. भांडण परक्याशीही होतं, रुसता फक्त आपल्या माणसावर येतं. रुसणं जमत नाही म्हटलं की प्रेम संपलं हे न म्हणता सांगून होतं. या प्रकारच्या गाण्यात दुखतं ते एवढंच, की आता दुखत नाही. हे एका अंतऱ्यात एकदाच यावं, आणि तिसऱ्या ओळीत यावं. पहिल्याच ओळीत आलं तर पुढच्या दोन ओळी त्याचं स्पष्टीकरण देत बसतात.

दुसऱ्या अंतऱ्यात 'ना'चा खेळ आहे आणि तो मराठीत सहज साधतो. 'थांब ना' यातला 'ना' विनवणीचा. 'थांबेना' यातला 'ना' नकाराचा. ये ना, येईना. बोल ना, बोलेना. हस ना, हसेना. प्रेमात पडल्याच्या गाण्यांतून पहिला 'ना' शेकडो वेळा येतो. ओसरल्याच्या गाण्यात तोच आवाज दुसऱ्या अर्थाने आणला की ऐकणाऱ्याच्या कानात जुनं गाणं आपोआप वाजतं, आपण ते उद्धृत करायची गरज पडत नाही. अट एवढीच की विनवणीचा 'ना' गाण्यात एकदाच यावा आणि नकाराचा 'ईना' तोवर ऐकणाऱ्याच्या सवयीचा झालेला असावा. म्हणून तो पहिल्या अंतऱ्यात ठेवला नाही.

दुसरा अंतरा हीच बहुतेक गाण्यांची मरणाची जागा. पहिल्यात जे सांगितलं तेच दुसऱ्या वस्तूंनी सांगितलं जातं. त्यावर उपाय म्हणजे काळ बदलणं. पहिला अंतरा साध्या वर्तमानात असेल तर दुसऱ्याची पहिली ओळ भूतकाळात जावी, दुसरी परत वर्तमानात यावी. पोळ्यांची ओळ त्यासाठी आहे. हात तेच करतात, चार पोळ्या, ताज्या. इथे शिळ्या पोळ्या, करपलेला तवा असं काही आणायचा मोह होतो. आणू नये. पोळी चांगली झाली आहे, हेच वाईट आहे.

मात्रा मोजताना होणाऱ्या चुकांपैकी एक तर पुरवणीतल्या निम्म्याहून अधिक गाण्यांत दिसली. जोडाक्षराच्या आधीचं अक्षर गुरू, हा शाळेतला नियम सरसकट लावला जातो. खरा नियम आघाताचा आहे. 'उद्या'तल्या उ वर आघात येतो, तो गुरू. 'तुझ्या'तल्या तु वर येत नाही, तो लघुच. 'पुण्य'मधला पु गुरू, पण 'पुण्यात राहतो' म्हणताना पु लघु. म्हणून कागदावर मोजून झालं की टाळी देत मोठ्याने म्हणून बघावं. कागद आणि तोंड यांत भांडण झालं तर तोंडाचं ऐकावं. इंग्रजी शब्दांचंही तेच. 'मेसेज' आपण मे-से-ज असा दोन गुरू, एक लघु म्हणतो, म्हणून तो 'तुझे'च्या मागे अलगद बसला. आधी 'तुझ्या नावे मला मेसेज' अशी ओळ सुचू शकते, चांगलीही वाटते, पण तिथे 'ज' पंधराव्या मात्रेवर लोंबकळतो आणि पुढचा 'कुणी' समेवरून ढकलला जातो.

गाणारा पुरुष असेल तर 'पाहते'चं 'पाहतो', 'बोलले होते'चं 'बोललो होतो', 'लाटते'चं 'लाटतो' होतं. मात्रा हलत नाहीत, कारण ती सगळी गुरू अक्षरं आहेत. मराठीत क्रियापद बोलणाऱ्याचं लिंग सांगून टाकतं, तेव्हा दोघांनी गाता येईल असं गाणं हवं असेल तर ही अदलाबदल लिहितानाच तपासून ठेवावी.

चालीबद्दल. दुःखाचं गाणं हाती आलं की शिवरंजनी किंवा भैरवी रागाकडे हात जातो. कोमल गंधारावर (ग) थांबून एक मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) घेतली की काम झालं असं वाटतं. विरहाला ते चालतं. इथे राग असा हवा की ज्यात याच दोघांचं प्रेमाचं गाणं बसलं असतं. यमन घ्यावा. सगळे स्वर शुद्ध, फक्त मध्यम तीव्र, आणि आरोहात (स्वर चढताना) षड्ज-पंचम (सा आणि प) वगळून 'नी रे ग' असं जाण्याची त्याची चाल आहेच. तिचा फायदा घेऊन पूर्ण ध्रुवपद षड्जाला न शिवता बांधता येतं. तु-झी-गा-डी: मंद्र (खालच्या सप्तकातला) नी, रे, ग, रे. उ-भी-दा-री: ग, तीव्र म, ग, रे. 'येईना'चा शेवटही रिषभावर (रे) सोडावा. कान षड्जाची वाट बघत राहतो, तो मिळत नाही, आणि तरीही काही कर्कश झालेलं नसतं. घर व्यवस्थित आहे, फक्त कुणी परतत नाही. मधल्या सप्तकातल्या षड्जावर एकदाच, गाण्याच्या अगदी शेवटी 'सवय ही मात्र जाईना'वर यावं. तोही ठासून नाही.

अंतरा तार षड्जापर्यंत (वरच्या सप्तकातल्या सा पर्यंत) न्यायला हरकत नाही. 'आठवतो'चा ओ वर छान खुलतो. 'होईना', 'देईना' मात्र पंचमाच्या वर नेऊ नयेत. वरच्या पट्टीत ई हा स्वर आवळतो, चिमटल्यासारखा लागतो, आणि गायिका नकळत त्याचा ए करते. मग 'होएना' ऐकू येतं. हा दोष गायिकेचा नाही, ती अक्षरं त्या उंचीवर ठेवणाऱ्याचा आहे. लांबवायचे स्वर आ, ओ, ए यांच्यावर पडतील अशी काळजी गीतकाराने घेतली तर संगीतकार दुवा देतो.

लयीचा हिशेब असा. मिनिटाला १२० मात्रा धरल्या तर रूपकाचं आवर्तन साडेतीन सेकंदांचं, पूर्ण ओळ १४ सेकंदांची, अर्धी ओळ ७ सेकंदांची. सात सेकंद एका श्वासात सहज जातात. लय ९० वर आणली तर अर्धी ओळ नऊ सेकंदांच्या पुढे जाते आणि गायिका 'गाडी'नंतर श्वास चोरते, यती मोडते. बरेच जण दुःख म्हणजे संथ या समजुतीने लय पाडतात. हे गाणं कामाच्या लयीत हवं, पोळ्या लाटायच्या लयीत.

१२० च्या लयीत सुरुवातीला चार आवर्तनं नुसतं वाद्य (१४ सेकंद), ध्रुवपदाची पहिली ओळ दोनदा आणि दुसरी एकदा (४२), मग मधलं संगीत सहा आवर्तनं (२१), अंतरा पहिली ओळ दोनदा धरून (५६), ध्रुवपदावर परत (१४). दोन अंतऱ्यांना मिळून गाणं चार मिनिटांना दोन सेकंद कमी भरतं. तिसरा अंतरा घातला तर साडेपाच मिनिटं. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं मावत, त्या काळच्या भावगीतांचा आटोपशीरपणा काही अंशी तिथून आला. आता तशी सक्ती नाही, पण या विषयाला तिसरा अंतरा बहुतेक वेळा समेटाचा किंवा शापाचा होतो. दोन्ही इथे खोटे.

वाद्यं कमी. तबला, पेटी, फार तर एक गिटार. सारंगी आणि व्हायोलिनचा ताफा ऐकणाऱ्याला आधीच सांगून टाकतो की आता रडायचं आहे. तबलजींना सांगून पहिल्या तीन मात्रा खरोखर उघड्या ठेवाव्यात, तिथे भराव नको. त्यांचा हात शिवशिवतो, मान्य आहे. गायिकेला एकच सूचना, हुंदका नको. 'रुसावे मी'वर हरकत (स्वरांची छोटी नक्षी) घ्यायची इच्छा होईल, तिथे सरळ स्वर लावावा आणि 'मी' एखादी मात्रा आधी सोडून द्यावा.

आता संपादक म्हणून आपल्याकडे एक मागणी, आणि खरं तर पत्राचं तातडीचं कारण तेच आहे. गाणी छापताना त्यांचं शुद्धलेखन कवीला न विचारता 'सुधारलं' जातं आहे, असं दिसतं. एखाद्या ओळीत 'अता' असायला हवं तिथे 'आता' छापलं की एक मात्रा वाढते आणि सात मात्रांचा गट आठाचा होतो. बाकीची ओळ बिनचूक असूनही ती लंगडते, आणि वाचणारा कवीला हसतो. पुरवणीतल्या चार-पाच ओळी आम्ही दीर्घाचा ऱ्हस्व करून पाहिल्या, त्या नीट बसल्या. साहित्य महामंडळाच्या लेखन नियमांतच वृत्ताच्या बंधनासाठी कवीला ऱ्हस्व-दीर्घाची तेवढ्यापुरती मोकळीक दिलेली आहे. मुद्रितशोधकांना पद्याच्या मजकुरावर 'मूळबरहुकूम' अशी खूण करून द्यावी.

दुसरं, अरुंद स्तंभात २८ मात्रांची ओळ मावत नाही हे समजतं. पण ती जागा संपेल तिथे तोडली जाते. वरचं ध्रुवपद तसं तोडलं तर 'तुझी गाडी उभी दारी, मनाला' एवढं एका ओळीत आणि 'जाग येईना' खाली पडेल. तोडायचीच तर यतीवर तोडावी, 'दारी'नंतर, आणि दुसरा तुकडा दोन अक्षरं आत सरकवून लावावा, म्हणजे एकच ओळ आहे हे वाचणाऱ्याला कळतं. कवींनीही पाठवतानाच यतीच्या जागी तिरकी रेघ मारून द्यावी. हे पत्र छापलंत तर वरच्या नमुन्यातल्या 'अता'ला कृपया हात लावू नये.

आपले,
गीतलेखन शिकवणारे आणि चाली लावणारे दोन वाचक,
पुणे